शिल्लक शंभर तास

रविवार, रात्री १०:३०. शिल्लक १०० तास

सातारा. चार मजली इमारत, खाली भुसार मालाचं दुकान, दुकानामागे पार्किंगला लागून पोती ठेवायची खोली. खोलीचं शटर गंजलंय, पूर्ण बसत नाही. खाली वीतभर फट राहते. त्या दिवशी दुकानातल्या पोऱ्याने पोत्यांमागे उंदरांच्या औषधाच्या वड्या टाकल्या. निळ्या, मेणचट, धान्याचा खमंग वास असलेल्या. पाकिटावर लिहिलेलं: ब्रोमॅडिओलोन, ०.००५ टक्के. म्हणजे किलोभर वडीत अवघं ५० मिलिग्रॅम विष. धान्याच्या दुकानात उंदीर होणार आणि उंदीर झाले की वड्या पडणार. यात कुणाला बोल लावावा असं काही नाही.

बारक्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. गावठी, तांबूस, चौदा किलो, एक कान उभा आणि एक पडका. रात्रीचा फेरा आटोपून येताना पार्किंगमध्ये त्याचा पट्टा सोडायची रीत, कारण पहिल्या मजल्यावरचा लॅब्रॅडॉर ब्रुनो त्याच वेळी खाली असतो. दोघं दहा मिनिटं धिंगाणा घालतात, माणसं गप्पा मारतात. शटरखालच्या फटीतून बारक्या अंग चोरून आत जातो. ब्रुनोचं डोकं आणि एक पंजा तेवढा जातो.

त्या रात्री बारक्या जिभल्या चाटत बाहेर आला. तो रोजच कुठून ना कुठून जिभल्या चाटत येतो.

हा घटनाक्रम मी नंतर लावला. कुत्रा माझ्या बहिणीचा. तिच्या फोनमधले फोटो, कॉलच्या नोंदी, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, टोलच्या पावत्या, सगळ्यांवर वेळ छापलेली असते. त्या चार दिवसांत मात्र या नोंदींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

सोमवार, पहाटे २:३०. शिल्लक ९६ तास

पहिले चार तास गेले. एवढ्या वेळात कुणी डॉक्टरकडे नेऊन ओकारी काढली असती, वर औषधी कोळशाची पूड पाजली असती, तर प्रकरण बहुतेक तिथेच मिटलं असतं. पण ओकारी काढायची कशासाठी? बारक्या भाऊजींच्या चपलेवर हनुवटी टेकून घोरत होता. त्या घरात सगळ्यांच्या चपला उंच फळीवर असतात, त्याच्याच कृपेने. ही एक जोडी भाऊजी मुद्दाम खाली ठेवतात, तो तिला हक्काची समजतो म्हणून.

बाकीची विषं बोभाटा करतात. शेतातलं कीटकनाशक पोटात गेलं तर लवकरच लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात. घर जागं होतं. हे विष गप्प बसतं, आणि ते मुद्दाम तसं निवडलेलं असतं. उंदीर संशयी प्राणी. वडी खाऊन एखादा तिथल्या तिथे मेला तर बाकीचे तिला तोंड लावत नाहीत. म्हणून मरण काही दिवस लांबवायचं, म्हणजे वडीचा आणि मरणाचा संबंध उंदरांना लागू नये. माणसांनाही तो लागत नाही.

सोमवार, रात्री १०:३०. शिल्लक ७६ तास

दिवस खोड्यांचा गेला. सकाळी आजोबांचा पंचा ओढून नेला, दुपारी भाचीच्या कंपासपेटीतलं खोडरबर खाल्लं, संध्याकाळी दाराशी ठेवलेल्या दुधाच्या पिशवीला दात लावून जिन्याच्या तीन पायऱ्या धुऊन काढल्या. ताईने मला फोनवर हे सगळं सांगितलं, रागाने सुरुवात करून हसण्यावर संपवत. कुत्रा पाळलेल्या घरांतली ही बोलायची पद्धतच आहे: तक्रारीच्या सुरात कौतुक.

आत काय चाललं होतं? रक्त गोठायला जी प्रथिनं लागतात, त्यांतली चार तयार करताना यकृताला व्हिटॅमिन के हवं असतं. शरीर हे व्हिटॅमिन काटकसरीने वापरतं. एकदा वापरलेलं दुरुस्त करून पुन्हा कामाला लावतं. ही दुरुस्ती करणारं एन्झाइम ब्रोमॅडिओलोन बंद पाडतं. खालच्या दुकानाला नवा माल येणं थांबलं तरी शटर लगेच पडत नाही, गोदामातल्या शिलकीवर विक्री चालू राहते. बारक्याचं रक्त तसं शिलकीवर चाललं होतं. चारांपैकी क्रमांक सातचं प्रथिन सर्वांत अल्पायुषी. कुत्र्याच्या रक्तात ते साधारण सहा तासांत निम्मं होतं. पुरवठा पूर्ण तुटला असेल तर चोवीस तासांत उरतो सोळावा हिस्सा. क्रमांक दोनचं निम्मं व्हायला चाळीस-एक तास घेतं, म्हणून पडझड एकदम होत नाही.

पंचा ओढताना, खोडरबर चावताना, पायऱ्या चाटताना कुत्र्याला यातलं काही जाणवत नाही. जखम झाली तरच कळायचं, आणि मोठी जखम कुठे झाली नव्हती.

मंगळवार, सकाळी ६:३०. शिल्लक ६८ तास

इमारतीमागच्या मोकळ्या जागेत बारक्याने शी केली ती निळी. निळसर हिरवी म्हणावी तर हिरवी, पण शेणा-मातीच्या रंगांत शोभणारी नव्हे. भाचीने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला: ‘बारक्याने माझा निळा खडू खाल्ला!! शाळेत काय सांगू?’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आजोबांनी, ज्यांना चेहरे टाकता येत नाहीत, ‘छान’ असं लिहिलं.

या निष्कर्षाला पूर्वपीठिका होती. थोड्याच दिवसांपूर्वी त्याने हिरवा मेणखडू खाल्ला होता आणि त्याचा हिरवा हिशेब दुसऱ्या दिवशी मिळाला होता. निळा खडू खरोखर सापडत नव्हता. (तो नंतर दिवाणाखाली मिळाला, अखंड.) उंदरांच्या वड्यांना रंग देतात तो माणसाने त्या खाण्याची वस्तू समजू नये म्हणून. कुत्र्याच्या पोटातून तो रंग बहुतेक जसाच्या तसा बाहेर पडतो. सगळ्या प्रकरणातला एकमेव सज्जड पुरावा सकाळच्या उन्हात पडला होता, त्याचा फोटोही निघाला, वेळेसकट. आणि तो जमा झाला खोड्यांच्या खात्यात. दुखण्याचं खातं अजून उघडलंच नव्हतं.

मंगळवार, दुपारी १२:३०. शिल्लक ६२ तास

घरात काही घडलं नाही. पण साधारण या सुमाराला, खाल्ल्यावर दीड-दोन दिवसांनी, रक्ताची एक चाचणी बोलू लागते. प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ. दवाखान्यात नुसतं पीटी म्हणतात. कुत्रा वरून ठणठणीत आणि पीटी बिघडलेला, अशी ही मधली घडी. या घडीला सापडलेला कुत्रा बहुधा नुसत्या गोळ्यांवर वाचतो.

विचित्र योग असा, की पीटी हा शब्द त्या घरात नवखा नाही. आजोबांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी ते रोज घेतात आणि ठरलेल्या दिवशी लॅबचा माणूस ‘पीटी-आयएनआर’साठी रक्त न्यायला येतो. टीव्हीखालच्या खणात त्याची जाडजूड फाइल आहे. बारक्याने तिचे दोन कोपरे खाल्लेत. आजोबांची गोळी आणि खालच्या दुकानातली वडी एकाच कुळातल्या, आणि त्या कुळाची हकिकत सांगण्यासारखी आहे.

१९२०च्या दशकात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आणि कॅनडाच्या गवताळ भागात गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंग कापलं तरी गाय दगावायची. कुजलेल्या ‘स्वीट क्लोव्हर’ गवताशी याचा संबंध आहे एवढं फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्याने दाखवून दिलं होतं, पण गवतात नेमकं काय आहे ते कळत नव्हतं. फेब्रुवारी १९३३ मध्ये, शनिवारी, हिमवादळात, एड कार्लसन नावाचा शेतकरी तीनशे किलोमीटर गाडी हाकत विस्कॉन्सिनातल्या मॅडिसनला पोहोचला. गाडीत मेलेली कालवड, सडलेल्या गवताचा भारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त. त्याला जायचं होतं सरकारी पशुवैद्याकडे. ते कार्यालय बंद, म्हणून उघड्या सापडलेल्या दारातून तो कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत शिरला. लिंकच्या चमूला गवतातला पदार्थ शुद्ध रूपात मिळायला १९३९ उजाडलं. त्याच्या एका भावंडाला ‘वॉरफेरिन’ या नावाने १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आणलं, आणि काही वर्षांतच ते माणसांचं औषध झालं. १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं गेलं. पुढे उंदीर वॉरफेरिनला दाद देईनात, तेव्हा सत्तरच्या दशकात अधिक जहाल भावंडं आली. ब्रोमॅडिओलोन त्यांतलं. वॉरफेरिन शरीरातून काही दिवसांत जातं. हे यकृतात आठवडेच्या आठवडे तळ ठोकून बसतं.

बुधवार, सकाळी ६:३०. शिल्लक ४४ तास

बारक्या पुढचा उजवा पाय टेकेना. रात्री ओट्यावर चढून पाव पळवताना ताईने ओरडून हाकललं, तेव्हा त्याने तिथून थेट फरशीवर उडी टाकली होती आणि घसरला होता. कारण समोर, परिणाम समोर. ‘नडली उडी,’ भाऊजी म्हणाले.

बुधवार, सकाळी १०:३०. शिल्लक ४० तास

जवळचा दवाखाना. डॉक्टरांनी पाय दाबून, वाकवून पाहिला. सांधा सुजलेला, हाड शाबूत. उडीची हकिकत ऐकून हसले. “पाव मिळाला का पण त्याला?” मुका मार. दुखणं आणि सूज उतरायचं इंजेक्शन मानेच्या बाजूला, तीन दिवस विश्रांती, जिन्यावरून उचलून न्यायचा.

या निदानाला नावं ठेवायला मी तयार नाही. तरणा कुत्रा, डोळ्यांदेखत मारलेली उडी, एका सांध्याला सूज. अशा दहांतले नऊ मुका मारच असतात. बारक्याच्या सांध्यात रक्त साचत होतं. धडधाकट कुत्र्याच्या सांध्यातली बारीकशी जखम काही मिनिटांत बुजते, त्याची बुजत नव्हती. त्यात ही वेदनाशामकं प्लेटलेटच्या कामात खोडा घालतात. रक्त थांबवायची एक यंत्रणा बसलेली होती, दुसरीचा हात इंजेक्शनने धरला.

तिथे एका प्रश्नाने चित्र पालटलं असतं: गेल्या चार दिवसांत याने काय काय खाल्लं? पण बारक्याच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर द्यायला अर्धा तास लागला असता, आणि बाहेर बाकावर दोन मांजरं, एक शेळी आणि एक पोपट थांबलेला.

बुधवार, रात्री ९:३०. शिल्लक २९ तास

मानेवर, इंजेक्शन दिलं तिथे, मुठीत मावेल एवढी मऊ गाठ आली. ताईने डॉक्टरांना फोन केला. कधी कधी येते, शेक द्या, उद्या बघू. मिठाचा शेक दिला. शेकाने रक्तवाहिन्या पसरतात, हे इथे सांगायला नको होतं, पण घटनाक्रम लावायचा म्हटल्यावर काही वगळता येत नाही.

एवढं होऊनही त्याने रात्री तीन पायांवर लंगडत जाऊन आजोबांच्या ताटातली भाकरी उचलली. सगळ्यांना हायसं वाटलं. “खातोय की,” भाऊजी म्हणाले. “खाणारा कुत्रा आजारी नसतो.” कुत्री पाळणाऱ्या घरांत हा नियम वेदवाक्य मानतात आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. बारक्याचं पोट ठीक होतं, भूक ठीक होती, मेंदू ठीक होता. आजार होता तो फक्त रक्ताच्या एका गुणात, आणि रक्त आत असेपर्यंत तो गुण दिसत नाही.

गुरुवार, सकाळी ८:००. शिल्लक साडेअठरा तास

उठला नाही. चपलेवरून हनुवटीही उचलली नाही. समोर अंडं ठेवलं, वास घेतला, तोंड फिरवलं. भाचीने त्याचा ओठ वर करून पाहिला आणि आईला हाक मारली. हिरड्या पांढुरक्या.

गुरुवार, सकाळी १०:००. शिल्लक साडेसोळा तास

दुसरा, मोठा दवाखाना. डॉक्टरांनी कान उलटा केला तर आत दोन गोचीड. पावसाळा, हिरड्या फिक्या, सुस्ती, अन्नावर वासना नाही: आपल्याकडे अशा कुत्र्याच्या बाबतीत पहिला संशय गोचीड-तापाचाच घ्यावा लागतो. एर्लिशिया नावाचा जंतू गोचिडातून शिरतो, प्लेटलेट घटवतो, नाकातून रक्त काढतो. हा ताप खरोखर इतका आढळतो की संशय न घेणाराच चुकेल. रक्त तपासायला घेतलं, डॉक्सिसायक्लिन सुरू केलं, सलाईन लावलं.

रक्त घेतलं त्या पायावर लावलेला कापसाचा बोळा लाल झाला. दुसरा लावला, तोही झाला. तिसऱ्यावर घट्ट पट्टी बांधली. मदतनीस म्हणाला, प्लेटलेट कमी असल्या की असं होतं. अहवाल दुपारी एकला आला: हिमोग्लोबिन ७.२, कुत्र्याचं १२ ते १८ असायला हवं. प्लेटलेट ९० हजार. हव्यात दोन लाखांच्या वर. संशयाला दुजोरा मिळाला.

आकडे आता समोर ठेवून पाहिले की त्यांतला बेबनाव दिसतो. ९० हजार कमी खऱ्या, पण एवढ्यावर आपोआप रक्त वाहत नाही; त्यासाठी त्या साधारण ३०-४० हजारांच्या खाली जाव्या लागतात. बोळे भिजत होते ते दुसऱ्याच कारणाने, आणि प्लेटलेट घटल्या होत्या त्या रक्त थोपवण्यात खर्च होऊन. परिणाम कारणाच्या जागी जाऊन बसला.

गुरुवार, दुपारी ४:००. शिल्लक साडेदहा तास

खोकला सुरू झाला. कोरडा, आखूड. श्वास पोटाने ओढतोय. घरातलं पहिलं अनुमान: काहीतरी गिळलंय, घशात अडकलंय. अनुमान पुन्हा खोड्यांच्या वहीतून काढलेलं. डॉक्टरांनी मात्र छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. फुप्फुसांचा आवाज खालच्या बाजूला येत नव्हता. “पुण्याला न्या. आजच. रक्त चढवावं लागेल, आणि इथे कुत्र्याचं रक्त मिळणार नाही. मोठा कुत्रा असेल कुणाचा ओळखीत, लस वगैरे झालेला, तर सोबत घेऊन जा.” त्यांनी चिठ्ठीवर ‘रक्तस्राव? कारण?’ असं लिहिलं. दोन्ही प्रश्नचिन्हं ठळक आहेत. हा माणूस योग्य दिशेला वळला होता.

ओळखीतला मोठा कुत्रा म्हणजे ब्रुनो. बत्तीस किलो, चार वर्षांचा, लशी वेळच्या वेळी. त्याच्या मालकांनी दुसरा शब्द बोलू दिला नाही.

गुरुवार, संध्याकाळी ७:१५. शिल्लक सव्वासात तास

गाडी निघाली. पुढे भाऊजी आणि ब्रुनोचे मालक, मधे ताई, भाची आणि मांडीवर बारक्या, मागे ब्रुनो. भाचीला घरी थांबवायचा प्रयत्न कुणी फार केला नाही. आनेवाडीचा टोल, मग खंबाटकीचा बोगदा. बोगद्यापुढच्या वळणावर ट्रक आडवा झालेला, तिथे चाळीस मिनिटं गेली. ब्रुनोने तेवढ्यात मागच्या सीटबेल्टची कडा कुरतडली. कुणी त्याला ओरडलं नाही. बारक्या मधूनच मान उंचावून खोकायचा. दर खोकल्यागणिक शिल्लक कमी होत होती.

गुरुवार, रात्री १०:२०. शिल्लक ४ तास १० मिनिटं

पुण्यात मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. रात्रपाळीच्या डॉक्टर तरुण होत्या. ऑक्सिजन लावला, एक्स-रे काढला. छातीत द्रव. त्यांनी फाइल चाळली: मुका मार, मानेवरची गाठ, भिजलेले बोळे, फिक्या हिरड्या, आता छाती. सांधा, कातडी, शीर, छाती. चार ठिकाणं, एकमेकांशी संबंध नसलेली. मग त्यांनी एक साधी काचेची नळी मागवली, आत कुठलंही रसायन नसलेली. पायाच्या शिरेतून दोन मिली रक्त घेतलं, नळी मुठीत धरली, ऊब राहावी म्हणून, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

निरोगी कुत्र्याचं रक्त अशा नळीत पाच-सात मिनिटांत आळतं, फार तर दहा. डॉक्टर दर मिनिटाला मूठ उघडून नळी तिरकी करायच्या. रक्त काचेवरून सुळकन खाली यायचं, मागे लाल पातळ पापुद्रा ठेवून. पाच मिनिटं. आठ. अकरा. पंधराव्या मिनिटालाही ते तसंच धावलं.

“बिल्डिंगमध्ये उंदीर आहेत?”

“खाली धान्याचं दुकान आहे,” ताई म्हणाली. “असणारच.”

“याची शी कशी होती या आठवड्यात? रंग?”

ताई आठवत राहिली. भाचीने खिशातून आईचा फोन काढला, ग्रुप उघडला, वर वर सरकवत मंगळवारवर आणला आणि फोन डॉक्टरांपुढे धरला. फोटोखाली ते सगळे हसरे चेहरे होते. डॉक्टरांनी फोटो मोठा केला, वेळ पाहिली, आणि कंपाउंडरला म्हणाल्या, “के-वन. आणि पीटी लाव.” यंत्राने पीटीचा आकडा दिलाच नाही, त्याची मोजायची हद्द संपली, तरी रक्त गोठलं नव्हतं.

गुरुवार, रात्री ११:४०. शिल्लक २ तास ५० मिनिटं

निदान झालं, उतारा मिळाला, बारीक सुईने टोचलाही. व्हिटॅमिन के-वन. पण तो रक्त गोठवत नाही. तो यकृताला कच्चा माल देतो. यकृताने त्यातून नवी प्रथिनं घडवायची, ती रक्तात यायची, याला अनेक तास लागतात. तोवर तगवायचं तर दुसऱ्या कुत्र्याच्या रक्तातली तयार प्रथिनं हवीत. गोठवलेला प्लाझ्मा त्या रात्री तिथे नव्हता. ब्रुनो होता.

त्याचे मालक त्याला टेबलापाशी घेऊन आले. डॉक्टरांनी सुई उचलली आणि थांबल्या. “हा कुठे असतो?”

“आमच्याच खाली, पहिल्या मजल्यावर. दोघं रोज एकत्रच असतात.”

त्यांनी सुई ठेवली, दुसरी काचेची नळी मागवली.

बाराव्या मिनिटाला ब्रुनोचं रक्तही नळीत धावत होतं. तो शेपटी हलवत उभा, भूक शाबूत, पाय शाबूत, हिरड्या गुलाबी. शटरखालून एक पंजा जात होता, त्या पंजाने जेवढं ओढता आलं तेवढं त्याने खाल्लं असणार. सोमवारपासून त्याच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं.

शुक्रवार, रात्री १२:१५. शिल्लक सव्वादोन तास

फोन. कुत्री पाळणाऱ्यांचे ग्रुप, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. धनकवडीतल्या एका कुटुंबाने पावसात आपला जर्मन शेफर्ड गाडीत घातला. १:१० ला ते पोहोचले. त्याची तपासणी, बारक्याच्या रक्ताशी जुळणी, पिशवी भरायला वीसेक मिनिटं. पिशवी लागली तेव्हा १:५० झाले होते. हिरड्यांवर किंचित रंग आल्यासारखा वाटला. मला तरी वाटला.

शुक्रवार, पहाटे २:३०

बारक्या गेला. अर्धी पिशवी राहिली होती.

त्यानंतर

ब्रुनोला त्या रात्रीच के-वन दिलं आणि पिंजऱ्यात ठेवलं. उडी नाही, खेळ नाही, दुसरी सुई टोचायची नाही. रक्त गोठायला लागल्याचं शनिवारी नळीनेच सांगितलं. मग चार आठवडे गोळ्या, तुपाच्या घासातून, कारण हे व्हिटॅमिन स्निग्ध पदार्थाबरोबर चांगलं मुरतं. साताऱ्यातल्या औषधवाल्याने पहिल्यांदा के-थ्री काढून दिलं, “एकच आहे हो”. एकच नाही. या विषावर के-थ्री चालत नाही. फोन करून विचारलं म्हणून कळलं. के-वनच्या गोळ्या पुण्याहून एस.टी.च्या पार्सलने आल्या.

डॉक्टरांनी बजावलं होतं, शेवटच्या गोळीनंतर दोन दिवसांनी पुन्हा पीटी. कारण विष अजून यकृतात दडून असेल तर ते गोळ्या थांबल्यावरच डोकं वर काढतं. ती तपासणी झाली. पीटी आठ सेकंद, म्हणजे जितका हवा तितकाच.

ब्रुनोच्या मालकांनी आता एक वही घातली आहे. तारीख, वेळ, वस्तू. पहिल्या पानावर: साबणाची वडी, अर्धी; मोजा, डावा; वर्तमानपत्र, रविवारची पुरवणी. ताईकडे ती दर दोन दिवसांनी वाचायला जाते.